पारणं

"दांडी हातात आली बघ," चंद्राक्का म्हणाल्या.

मी खाली वाकून प्लास्टिकच्या सपाता पायात घालत होते. वर बघितलं तर खरंच, दाराची पितळी दांडी आक्कांच्या मुठीत आणि दार गपगुमान बंद. दांडी असायची तिथे नुसतं चौकोनी भोक. मी त्यात बोट घातलं, मग पेनाचं टोपण, मग केसातली पिन. पिन आतल्या आत कुठेतरी पडली.

"पडली व्हय? बरं झालं," आक्का म्हणाल्या.

"त्यात काय बरं झालं, आक्का?"

"न्हाई, आपली बोलायची पद्धत."

मला हसू यायला हवं होतं, आला संताप. त्या काळात मला सगळ्याचाच संताप यायचा. एकोणीस वर्षं झाली त्या सकाळला. मी, केतकी बोंद्रे, तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि सांगलीकडच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.चं पाचवं वर्ष रेटत होते. आक्का म्हणजे चंद्राबाई मगदूम, आमच्या अ‍ॅनिमल हाऊसच्या मदतनीस. पांढऱ्या उंदरांचं दाणापाणी, पिंजरे धुणं, भुसा बदलणं, सगळं त्यांच्याकडे. नवरा त्याच कामावर होता, तो गेल्यावर संस्थेने त्यांना घेतलं. घर जैन, दिवस मावळल्यावर बाई अन्नाला शिवायची नाही आणि नोकरी असली. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कसं चालतं हो? तर म्हणाल्या, "चालत न्हाई. पर मी न्हाई केलं तर दुसरं कोणतरी करंल, आन् ते नीट करायचं न्हाई."

तर आम्ही अडकलो होतो ती जागा म्हणजे दोन दारांमधली खोली. खोली कसली, सहा फूट बाय चार फुटांचा खोका. अ‍ॅनिमल हाऊसला अशी दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेरची घाण आत जाऊ नये आणि आतला उंदीर बाहेर येऊ नये म्हणून. मधल्या जागेत एक बाकडं, अ‍ॅप्रन अडकवायच्या खुंट्या आणि डोक्यावर एक भगभगणारी ट्यूब.

"आतल्या दाराची किल्ली काढा," मी म्हटलं. "आतून फोन तरी करता येईल."

"किल्ली तुझ्याकडं हाय की."

"माझ्याकडे कुठली? रोज तुम्ही आणता ना?"

"रोज मी आणते. आज तू माझ्याफुडं पोचलीस, मला वाटलं घेतली आसशील."

किल्ली बाहेर, खुंटीवर. माझा मोबाइल बाहेर, चपलांच्या कपाटावर, कारण आत न्यायला बंदी. रविवार, सकाळचे सहा. वॉचमन फाटकापाशी, म्हणजे मधे अख्खं आंब्याचं आवार. मी दार बडवलं, ओरडले, परत बडवलं. आक्का शांतपणे बाकड्यावर बसल्या आणि मांडीवर आपली कापडी पिशवी घेतली.

"सर आठला येणार हैत न्हवं?" त्या म्हणाल्या.

"आठ म्हणजे साडेआठ."

"मग बस की. दारावर हात आपटून काय हुतंय, हात दुखतील."

मी बसले नाही. मला बसवत नव्हतं. तीस तारखेला माझी नोंदणी संपणार होती. एकदा मुदत वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा विद्यापीठाने सरळ नकार दिला होता. तीसच्या आत प्रबंध गेला नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि त्या दिवशी एकवीस तारीख होती. प्रबंध लिहून तयार होता, एक तक्ता तेवढा अर्धा होता. माझ्या गाइडना, टेंगशे सरांना, उपाशी उंदरांच्या गटात अजून सहा आकडे हवे होते. ते सहा उंदीर आतल्या दारापलीकडे होते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी स्वतः त्यांच्या पिंजऱ्यांवर कार्ड लावलं होतं. रविवारी सकाळी सहाला छत्तीस तास पुरे होत होते, आठला कामाला सुरुवात. एरवी मी आठलाच यायचे, त्या दिवशी झोप लागेना म्हणून सहालाच आले होते. घरी इचलकरंजीला वडिलांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की केतकी डॉक्टर होणार. कसली डॉक्टर ते त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं, पण पेढ्यांचं दुकान त्यांनी ठरवून ठेवलेलं होतं.

आतल्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक गोल काच होती. आक्का मधूनमधून उठायच्या, काचेला नाक लावून आत बघायच्या आणि परत बसायच्या. पिशवी घट्ट धरलेली. पाव तासात चार वेळा उठल्या.

"काय बघताय एवढं?"

"पांढरी तळमळाय लागलीत." उंदरांना त्या पांढरी म्हणायच्या. "बघ कशी सळ्या चावाय लागलीत."

मीही काचेतून बघितलं. खालच्या मांडणीवरचे सहा पिंजरे. सहाही उंदीर मागच्या पायांवर उभे, जाळीच्या सळ्या दातांत धरून खरखर चावत होते. एक तर नुसता गोल गोल फिरत होता.

"उपाशी आहेत, दुसरं काय करणार," मी म्हटलं.

बोलले, आणि कुठेतरी खटकलं. पाच वर्षांत मी उपाशी गटाचे बेचाळीस उंदीर हाताळले होते. आठ वाजता पिंजऱ्यात हात घालावा तर ते अंगाचं मुटकुळं करून झोपलेले असायचे, नाहीतर मिशा पुसत बसलेले. सळ्या चावणारा एकही मला आठवेना. पण तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेसहा झाले होते.

"केतकी," आक्का म्हणाल्या, "येक इचारू? रागावू नगंस."

"विचारा."

"एवढं काय बघता गं त्यांच्या डोसक्यात?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. मी बाकड्यावर बसले.

"मेंदूच्या आत पोकळ्या असतात, आक्का. त्यात पाणी असतं, अगदी नितळ. मेंदू त्या पाण्यावरच तरंगतो म्हणा ना. ते पाणी तयार करणाऱ्या पेशींचा एक इवलासा झुबका असतो, कोथिंबिरीच्या पानाएवढासुद्धा नाही. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय बाहेरच ठेवायचं हे त्याच पेशी ठरवतात. रात्रंदिवस उपसा चाललेला. एक मिनिट सुट्टी नाही."

"म्हंजे राखणदारबी तेच आन् पाणक्याबी तेच."

"हो. आणि एवढं काम करायचं तर ताकद लागते. त्या पेशी बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त इंधन खातात. माझा प्रश्न असा की, सगळं शरीर उपाशी असेल तर त्या काय करतात? दमतात, काम कमी करतात, की तशाच चालू राहतात? म्हणून तो झुबका काढून यंत्रात ठेवायचा आणि किती ऑक्सिजन घेतोय ते मोजायचं. पोटभर खाल्लेल्याचा मोजायचा, उपाशी असलेल्याचा मोजायचा."

"मग? काय निघालं?"

"दमत नाहीत!" मला अजून आठवतं, हे सांगताना माझा आवाज चढला होता. त्या खोक्यात अडकलेली असूनसुद्धा मला अभिमान वाटला. "छत्तीस तास उपाशी ठेवलं तरी तेवढ्याच जोरात चालतात. खाल्लेल्यांचे शंभर धरले तर उपाशींचे सत्त्याण्णव. शरीर स्वतः उपाशी राहतं पण मेंदूच्या दारावरच्या राखणदाराला पोटभर घालतं. हे असं आजवर कुणी दाखवलं नव्हतं, आक्का. आम्ही दाखवलं."

आक्कांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाल्या, "पर पारणं झाल्यावर चालणारच की. त्यात काय नवाल?"

"कसलं पारणं?"

"उपासाचं."

"कुणाच्या उपासाचं?"

"ह्यांच्या." त्यांनी मानेने आतल्या दाराकडे खूण केली. "छत्तीस तास झालं की सा वाजता मी पारणं करते न्हवं. आज ह्या दांडीनं घोटाळा केला. बघ, अर्धा तास वर झाला, म्हणून तर जीव वरखाली हुतोय माझा."

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. भिजवलेले मूग होते आणि गुळाचे सहा खडे, बोराएवढे, अगदी मोजून एकसारखे.

मी डब्याकडे बघितलं, मग काचेकडे. 

"तुम्ही... दर वेळेला?"

"दर येळंला. पहिल्यापासनं."

"आक्का, मी त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं होतं!"

"ठेवलं की! छत्तीस तास म्हंजे छत्तीस तास. कार्डावर वेळ बघून ठेवलं. येक दाणा दिला नसंल मधी. मी सोता असलं उपास केल्यात, मला का कळत न्हाई? पर उपास म्हणला की पारणं आलंच. आन् त्यातनं मरणाच्या दारात निघालेली ती. पारण्याबिगार कसं सोडायचं?"

"उपास कोण म्हणालं? त्यांना अन्न बंद करायचं होतं, नुसतं अन्न बंद! उपास कुठून आला?"

"तूच लिवलंस की."

आणि मला माझं अक्षर डोळ्यांपुढे दिसलं. आधीची कार्डं इंग्रजीत असायची, आक्कांना वाचता यायची नाहीत. म्हणून मी, मोठी शहाणी, पहिल्याच वर्षी मराठीत कार्डं केली. तांबड्या स्केचपेनने, ठसठशीत: 'उपास – ३६ तास'. सरांनी कौतुक केलं होतं. ती कार्डं आतल्या दाराच्या काचेतून आत्ताही दिसत होती, सहाच्या सहा पिंजऱ्यांवर. काम मी आठला सुरू करायचे, मधले दोन तास कुणी कार्डावर लिहिलेच नव्हते. त्या दोन तासांत एक बाई येऊन धर्माने वागून जायची आणि मला पत्ता नाही.

"पाच वर्षं," मी म्हणाले. "माझी पाच वर्षं खाल्लीत हो तुम्ही, आक्का!"

"मी कुठं काय खाल्लं? त्यांनी खाल्लं."

मी रडले की हसले, आता सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. आक्का घाबरल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, मी तो झटकला.

"मला एका शब्दाने सांगितलं का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई, बाई. आन् लपवलं बी न्हाई मी. हितंच बसून घालायची, ह्या सगळ्यांच्या देखत." सगळे म्हणजे उंदीर.

  ट्यूब भगभगत होती आणि आतून सळ्यांची खरखर ऐकू येत होती. मी भिंतीला टेकून एकेक आठवत गेले. पहिल्या वर्षी उपाशी उंदरांची रक्तातली साखर तपासली तेव्हा ती जवळपास खाल्लेल्यांइतकीच भरली होती. मी घाबरून सरांकडे गेले होते. सर म्हणाले, "हाताळणीचा ताण. उंदीर घाबरला की साखर चढतेच." पटलं मला. पटवून घेतलं. प्रबंधात त्यावर एक वाक्य होतं, संदर्भासकट. आणि पोट? आम्ही फक्त डोकं उघडायचो. पोट उघडून बघायची आमच्यातल्या कुणाला एकदाही बुद्धी झाली नाही. उघडलं असतं तर पहिल्याच उंदराच्या पोटात मूग दिसले असते.

आक्कांना शिव्या घालायच्या तर कार्ड माझं. सरांना घालायच्या तर साखरेच्या आकड्याचं ते कारण मीच पटवून घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर काय व्हायचं? बेचाळीस उंदीर बाद. नव्याने करायचे तर दोन वर्षं. हातात नऊ दिवस. त्या खोक्यात हवा कमी नव्हती, दाराखालून चांगली झुळूक येत होती, तरी मला श्वास पुरेना.

"तू असं करू नगंस," आक्का म्हणाल्या. "जीव घाबरा झालाय तुझा. पाणी पी."

त्यांनी बाटली दिली. गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी. मी प्यायले.

"आक्का, हे कुणाला बोललात का? मूग, गूळ?"

"घरी ठावं हाय. सुनंला. तीच भिजत घालती."

"इथे कुणाला?"

"हितं कोण बोलतंय माझ्याशी? तूच काय ती."

मी हा प्रश्न का विचारला, ते मला विचारता विचारताच कळलं होतं. आक्कांना कळलं नसावं.

आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेरून बुटांचा आवाज आला. मी दार बडवलं. टेंगशे सरांनी बाहेरची मूठ फिरवली आणि दार अगदी सहज उघडलं. दोन तास आम्ही ज्याच्यावर डोकं आपटत होतो ते दार बाहेरून एका बोटाने उघडत होतं.

"अरे! काय हे? किती वेळ आहात आत?" सर भले माणूस. आधी आम्हाला बाहेर काढलं, वॉचमनला हाक मारली, सुताराला फोन लावला. मग म्हणाले, "केतकी, तू ठीक आहेस ना? करायचं ना आज? की उद्यावर टाकू या?"

"करायचं, सर."

"गुड. मी यंत्र लावून ठेवलंय. दहा मिनिटांत पहिला उंदीर घेऊन ये. हे सहा झाले की सुटलीस तू. आणि मीही." ते हसले आणि प्रयोगशाळेकडे गेले.

मी खुंटीवरची किल्ली घेतली. आतलं दार उघडलं. आम्हाला बघून सहाही उंदीर पुढच्या जाळीला येऊन भिडले.

पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे खरोखर उपाशी असलेले सहा उंदीर होते. अडतीस तास. एका तुटलेल्या दांडीने ते मला दिले होते. यांचे आकडे घेतले असते तर माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या एका दिवसात मिळालं असतं. आणि तेच उत्तर मला संपवणार होतं, हे मला त्यांच्या नुसत्या डोळ्यांवरून दिसत होतं.

आक्का डबा उघडून उभ्या होत्या. पण हात पुढे केला नाही.

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. "मगाशी तू एवढी कळवळून बोललीस, मला काय ते समदं उमगलं न्हाई. पर तुझ्या कामाचं नुकसान हुतंय येवढं कळलं. तू न्हाई म्हणलीस तर मी न्हाई घालायची. माझ्या जीवाला लागंल, पर न्हाई घालायची. तुझं काम हाय."

"केतकी!" सरांची हाक आली. "पहिला आण!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ पाच वर्षं झाकलेली होती आणि ती झाकलेली आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं. एवढाच काय तो फरक, मी स्वतःला सांगितलं. एवढाच.

मी दारापर्यंत गेले आणि ओरडले, "सर, दोन तास थांबू या का? इथे दार बडवणं, आरडाओरडा झालाय. उंदीर फार घाबरलेत."

 मग सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. हाताळणीचा ताण. शांत होऊ देत. दहा-सव्वादहाला घेऊ. मी तोवर नाश्ता करून येतो."

मी परत आत आले.

"घाला," मी म्हणाले.

 आक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी डबा मांडणीवर ठेवला, माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"हितं लई शिकल्याली माणसं आली आन् गेली," त्या म्हणाल्या. "पर सोताचं नुकसान करून मुक्या जीवाला घास घालणारी तूच बघितली. देव तुझं कल्याण करंल, पोरी."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळून कुठे जाणार होते? मी उभी राहिले. त्यांनी एकेका पिंजऱ्याचं झाकण उघडलं, चिमूटभर मूग आणि गुळाचा खडा ठेवला. प्रत्येकापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. उंदीर दोन्ही हातांत खडा धरून खात होते. खाऊन झाल्यावर मिशा पुसत बसले आणि थोड्या वेळाने अंगाचं मुटकुळं करून झोपले, नेहमीसारखे.

सव्वादहाला मी पहिला घेतला. अठ्ठ्याण्णव. दुसरा पंच्याण्णव. सहाव्याला शहाण्णव. सर प्रत्येक आकड्याला टेबलावर थाप मारत होते. "बघ, बघ कसे ओळीत येतात! विज्ञान म्हणजे हेच, केतकी. परत करा, परत तेच येतं."

एकोणतीसला प्रबंध गेला. वडिलांनी ठरवलेल्या दुकानातूनच पेढे आणले. कार्डावरचा शब्द मी त्यानंतर बदलला, 'अन्न बंद, आठ वाजेपर्यंत', पण तोवर त्या संस्थेत माझं काम संपलेलं होतं. मला कोल्हापुरात कॉलेजात नोकरी लागली. त्यानंतर मी आजवर एकाही उंदराला उपाशी ठेवलेलं नाही, मी उंदरांना हातच लावलेला नाही. मी शिकवते. लोक म्हणतात बरं शिकवते. आक्का निवृत्त झाल्या तेव्हा मी गेले नव्हते, पण त्यांनी निरोपाच्या भाषणात माझं नाव घेतल्याचं मला तिघांनी येऊन सांगितलं. बोंद्रे बाईंसारखं काळीज पाहिजे, म्हणाल्या. आता त्या नाहीत.

त्यांच्यापुरतं मी निभावून नेलं असतं. त्यांच्या लेखी ती दयाच होती आणि त्या तशाच गेल्या.

सहा वर्षांपूर्वी मला धारवाडहून एक ई-मेल आली. वैजयंती हिरेमठ नावाची मुलगी, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. तिचं सगळं काम माझ्या प्रबंधावरून छापलेल्या शोधनिबंधावर उभं होतं. राखणदार पेशी उपासातही थकत नाहीत, मग त्यांना इंधन कुठून मिळतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी आधी माझा प्रयोग तसाच्या तसा करून बघायचा, मग पुढे जायचं. आणि तो जमत नव्हता. तिने आकडे जोडले होते: एकसष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट, साठ. चाळीस उंदीर झाले, मॅडम, एकदाही नव्वदच्या वर गेले नाहीत. गाइड म्हणतात माझा हात जड आहे. माझं काय चुकतंय?

ती ई-मेल मी चार दिवस उघडत आणि बंद करत होते. पाचव्या दिवशी उत्तर लिहिलं. उंदीर हाताळताना ताण येतो, त्यावर लक्ष दे, त्यांना आधी तुझ्या हाताची सवय होऊ दे, असं लिहिलं. दोन संदर्भही दिले.

तिने सवय लावली. चार महिने रोज एकेका उंदराला तळहातावर घेऊन बसायची म्हणे. मग परत प्रयोग केला, परत आकडे पाठवले. एकोणसाठ, बासष्ट, साठ. या वेळी मी उत्तरच दिलं नाही.

वर्षाने तिची शेवटची ई-मेल आली. पीएच.डी. सोडली होती, गदगला घरी परत गेली होती, शाळेत नोकरी बघत होती. माझे हात या कामाचे नाहीत हे मला कळलं, मॅडम, असं तिने लिहिलं होतं. तुम्ही वेळ काढून मार्गदर्शन केलंत, बाकी कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही, मनापासून आभार.

तिचे सगळे आकडे माझ्याकडे आहेत. अठ्ठावन्न उंदरांचे, तारीखवार. मी ते अनेकदा तपासून पाहिले, एक कॉलेज-बाई म्हणून, पेन्सिल घेऊन. नेटके आहेत, एकाला एक लागून आहेत. इतकं स्वच्छ काम मला कधी जमलं नव्हतं.

ते बरोबर आहेत. हे मी तिला अजून कळवलेलं नाही.